पाच वर्षांचा आराखडा की नुसती दिशा?

कंपनीचं लांब पल्ल्याचं धोरण ठरवायला बसलं की हमखास दोन तट पडतात. एकाला सगळं कागदावर हवं असतं: कोणत्या वर्षी किती उलाढाल, कुठे कारखाना, किती भरती. दुसरा म्हणतो, जायचं कुठे तेवढं ठरवा, वाट चालता चालता सापडेल. निवड करताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: घेतलेला निर्णय फिरवायचा झाला तर किती पैसे बुडतील?

बरेच बुडणार असतील, म्हणजे खाणकाम, वीजनिर्मिती, चिपचे कारखाने असा धंदा असेल, तर आराखडा पक्का हवा. बँक आकडे मागणारच. त्याचा तोटाही ठरलेला: आकडे गाठण्याच्या नादात बाजार कुठे सरकलाय हे बघायला कोणी मान वर करत नाही.

मोकळ्या दिशेचं उदाहरण होंडाचं. 1959मध्ये कंपनी अमेरिकेत उतरली ती मोठ्या मोटरसायकली विकायला. तिथले लोक गाड्या लांबवर आणि भरधाव पळवत. तेल गळायला लागलं, क्लच जायला लागले. कंपनीची माणसं मात्र लॉस एंजेलिसमध्ये आपल्या किरकोळ कामांसाठी 50 सीसीच्या सुपर कब या छोट्या दुचाकीवरून हिंडत होती, आणि लोक चौकशी करत होते ती तिचीच. शेवटी तीच पुढे केली. आराखडा बारगळला, अमेरिकेत बस्तान बसवायचं हे मात्र कायम राहिलं.

ही गोष्ट ऐकून हुरळून जाऊ नका. ‘आम्ही लवचीक आहोत’ म्हणणाऱ्या पुष्कळ कंपन्यांनी मुळात काही ठरवलेलंच नसतं. दर तिमाहीला नवं खूळ. दिशा खरी आहे का हे तिने काय नाकारलं त्यावरून कळतं. 1987मध्ये सुरू झालेल्या टीएसएमसी या तैवानी चिप कंपनीने ठरवलं की चिप फक्त इतरांच्या बनवायच्या, स्वतःच्या नावाची एकही विकायची नाही. ग्राहकांशी स्पर्धा करण्याचा रस्ता तिथेच बंद झाला. दिशा एका वाक्याची. त्याखालचा एकेक कारखाना मात्र काटेकोर आराखड्याशिवाय उभा राहत नाही. बहुतेकांना असंच मिश्रण लागेल.

शेल ही तेल कंपनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून भविष्याची तीन-चार चित्रं रंगवून निर्णय तपासायची. 1973चं तेलसंकट आलं तेव्हा तसा विचार आधीच होऊन गेला होता. पद्धत चांगली, पण वेळखाऊ. छोट्या कंपनीने दोन चित्रांवर थांबावं.

काहीही निवडा, खर्चाचा हिशेब शेजारी ठेवा; कंपनी खरंच कुठे चाललीय ते त्यात दिसतं. चिप बनवणाऱ्या इंटेलने 1985मध्ये मेमरी चिप सोडायचं ठरवलं, तोवर कारखान्यातली बरीचशी जागा मायक्रोप्रोसेसरकडे गेलीही होती. ज्या मालात एका वेफरमागे (चिप ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीमागे) जास्त नफा, त्याला आधी जागा, असा तिथला नियम होता. वरच्या साहेबांच्या लेखी मात्र कंपनी तेव्हाही मेमरीचीच होती.