खांद्याच्या लॅब्रम शस्त्रक्रियेनंतरचा उशीवाला स्लिंग: गोव्याच्या हवेत कितपत चालतो?

दुर्बिणीतून लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या खोबणीच्या काठाचं कूर्चेचं कडं, शिवला की पुढचे ४ ते ६ आठवडे त्या टाक्यांची राखण स्लिंगनेच करायची असते. हे कडं अँकरने (हाडात रोवलेल्या बारीक खिळीने) बसवलेलं असलं तरी ते हाडाशी जुळून येईपर्यंत सगळा ताण दोऱ्यावर असतो. फोंडा, म्हापसा, मडगावला मिळणारा उशीवाला स्लिंग साध्या झोळीपेक्षा महाग, पण पुढचा लॅब्रम शिवलेल्यांना पैसे वसूल. हात अंगापासून १५ ते ३० अंश दूर राहतो आणि काखेत हवा खेळते.

मागचा लॅब्रम शिवला असेल तर मात्र थांबा. पंजा पोटावर टेकला की खांदा आत वळतो आणि नेमके मागचेच टाके ताणले जातात. तिथे पंजा समोर ठेवणारी उशी लागते. चिठ्ठीवर बऱ्याचदा नुसतं ‘शोल्डर इमोबिलायझर’ (खांदा हलू न देणारा पट्टा) असतं, म्हणून टाके पुढचे की मागचे हे सर्जनला विचारूनच दुकानात जा.

दुकानदार छातीचा घेर विचारतो. तो कमरेच्या पट्ट्यापुरता ठीक. हात ठेवायच्या पिशवीसाठी कोपरापासून करंगळीच्या बुडापर्यंत मोजा. कोपर पिशवीच्या मागच्या कोपऱ्याला टेकलंच पाहिजे. पिशवी लांब असली तर हात पुढे घसरतो, खांदा लोंबतो आणि सगळं वजन मानेवर येतं. आखूड असली तर मनगट बाहेर लटकतं. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराखालची कड दाबतेय का ते पाहा; पट्टा सैल करूनही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना कळवा.

खरी रड पावसाळ्यात. उशीचं कव्हर शिवून बंद केलेलं असेल तर घेऊच नका, कारण जूनमध्ये फोम एकदा घामाने भिजला की वाळता वाळत नाही आणि काखेतली कातडी सोलते. चेनचं कव्हर बघा, आणि जमलं तर एक जादा मागून घ्या. वेल्क्रोत सुती धागे अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा साफ करा.

काख धुताना हात उचलायचा नाही: कमरेतून पुढे वाका, हात आपसूक लोंबेल. शर्ट पुढून बटणांचा; घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोपताना पाठ ३० ते ४५ अंश उंच आणि कोपराखाली घडी केलेली चादर हवी. नाहीतर कोपर अंगाच्या मागे पडतं, पुढच्या टाक्यांना ते सोसत नाही. सोबत मिळणारा रबरी चेंडू बोटांपुरता बरा. कोपर आखडू नये म्हणून ते दिवसातून चार-पाच वेळा सरळ करावं लागतं. मात्र लॅब्रमचा वरचा भाग, बायसेप्सच्या (दंडाच्या पुढच्या स्नायूच्या) मुळाशी शिवला असेल तर हे दुसऱ्या हाताने, फिजिओने दाखवल्याप्रमाणेच.

स्लिंग असेपर्यंत स्कूटर नाही, पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसणंही नाही. कदंब बसमध्ये दुखरा खांदा खिडकीकडे ठेवून बसा.

५ पैकी साडेतीन. एक गुण शिवलेल्या कव्हरचा कापला, अर्धा मानेवरच्या कडक पट्ट्याचा. त्यावर मऊ पंचा गुंडाळला की काम भागतं.