दार लावलं आणि झांज गेली

डोळ्यांदेखत फसवलं असं लोक म्हणतात. मला कानांदेखत फसवलं, तेही माझ्याच हॉलमध्ये, चहा पाजून.

मी साताऱ्याचा. वय 67. भजनी मंडळात पेटी वाजवायचो. चारेक वर्षांपासून झांज ऐकू येईनाशी झाली, बोलण्यातले 'स' आणि 'श' गळायला लागले. अशात मोबाइलवर जाहिरात दिसली : ब्लूटूथ श्रवणयंत्र, थेट तुमच्या स्पीकरला जोडा, घरी मोफत तपासणी. नंबर टाकला. दुसऱ्याच दिवशी पांढरा कोट घातलेला एक पोरगा दारात.

डोक्यावर पंखा गरगरतोय, शेजारणीचा मिक्सर चालू, आणि त्या गोंगाटात माझी तपासणी झाली. टॅबवर रंगीत आलेखही निघाला. कानाची खरी तपासणी आवाजबंद खोलीत करतात, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मग त्याने यंत्रं कानांत बसवली. पिशवीतून छोटा स्पीकर काढून टीव्हीखाली ठेवला, स्वतःच्या मोबाइलवर अभंग लावला. म्हणाला, "काका, आता आवाज हवेतून येत नाहीये बरं का. स्पीकरमधून डायरेक्ट तुमच्या कानात." आणि झांज ऐकू आली! चार वर्षांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने तेवढ्यात बिलबुक काढलं.

यंत्रांची जोडी 46,000. 'म्युझिक अडॅप्टर' 9,500. स्पीकर 3,500. वर 18 टक्के जीएसटी, 10,620. एकूण 69,620 रुपये, यूपीआयने, एका कुठल्याशा वैयक्तिक खात्यावर. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. श्रवणयंत्रांवर मुळात जीएसटीच नाही, हे मला महिन्याने कळलं. म्हणजे जो कर नाही तोही मी भरला, आणि सरकारला नाही तर त्याला.

चोरी पकडली ती आमच्या हिने. चौथ्या दिवशी पोळ्या करताना ऐकायला म्हणून तिने स्पीकर ओट्यावर नेला. फोडणीचा खकाणा बाहेर नको म्हणून दार लावून घेतलं. झांज गेली. शब्द पुसट झाले. मी ओरडलो, "बंद का केलंस?" ती म्हणाली, "चालूच आहे." दार उघडलं, झांज आली. लावलं, गेली. पाच-सहा वेळा आम्ही दोघं दाराशी हाच खेळ करत होतो, पोळी करपेपर्यंत.

यंत्र स्पीकरला जोडलेलंच नव्हतं. खोलीतला आवाज यंत्राचा माइक उचलत होता, जसा कुठलंही साधं श्रवणयंत्र उचलतं.

पुण्याहून भाचा आला तेव्हा त्याने उलगडून सांगितलं. "मामा, ब्लूटूथ स्पीकर हा आवाज घेणारा. कानातलं यंत्रही घेणारं. दोन घेणारे समोरासमोर बसवले तर देणार कोण?" देणारा लागतो मोबाइल किंवा टीव्ही. आणि ते 9,500 चं अडॅप्टर? गाडीतल्या जुन्या टेपला लावतात ते, ऑनलाइन चार-पाचशेला मिळणारं. तेही घेणारंच! बरं, यंत्रात ब्लूटूथ होतं हे खोटं नव्हतं. पण ते फक्त ॲपमधून आवाज कमी-जास्त करण्यापुरतं. त्यातून गाणं येऊच शकत नाही. खोक्यावर 'ब्लूटूथ' लिहिलेलं वाचून कोण एवढा विचार करतो?

त्या पोराला फोन केला. "काका, पेअरिंग सेट व्हायला वेळ लागतो. कानाला सवय होऊ द्या, पंधरा दिवस बघा." सोळाव्या दिवशी म्हणाला, परतीची मुदत सात दिवसांची होती. त्यानंतर फोन लागतच नाही.

पुढे भाच्यानेच मला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे नेलं. (आधी नोंदणी क्रमांक विचारा. खरा माणूस रागावत नाही, आमच्या बाईंनी तर भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.) त्यांच्याकडे यंत्र घेण्याआधी मी एकच हट्ट धरला : मोबाइल इथे ठेवायचा, त्याचा स्पीकर बंद, आणि गाणं फक्त माझ्या कानात वाजलं पाहिजे. तेही माझ्याच मोबाइलवरून, त्यांच्या नाही. कारण अँड्रॉइडमध्ये यासाठीची 'आशा' नावाची सोय अँड्रॉइड 10 पासून आली खरी, पण प्रत्येक फोनमध्ये ती चालतेच असं नाही. टीव्हीसाठी वेगळी डबी मिळते, ती टीव्हीला लावली की आवाज यंत्रात येतो. एकाच ठिकाणाहून अनेकांच्या कानांत आवाज सोडणारं 'ऑराकास्ट' 2022 मध्ये जाहीर झालं, पण ते टीव्हीत आणि यंत्रात दोन्हीकडे असावं लागतं. नुसता ब्लूटूथच्या आवृत्तीचा (व्हर्जनचा) आकडा मोठा असून भागत नाही.

बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅमही करून दिला. पेटीचा लांबवलेला स्वर यंत्राला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते ती दाबायला जातं आणि स्वर थरथरतो. मी इतके दिवस पेटीच बेसूर झाली समजत होतो.

पैशांचं म्हणाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. यूपीआयची पावती, ते बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. जाहिरातीचा फोटो हिने पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. तिला म्हणे त्या पोराचा पांढरा कोट फार नवा वाटला होता. मला तेव्हाच का नाही बोललीस विचारलं, तर म्हणाली, "बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं नाही."

स्पीकर अजून ओट्यावरच आहे.