टी पेशी कुणाच्या हाकेला धावतात? ट्रान्सवेल लावावं की मायक्रोस्कोपखाली बघावं

डेंड्रिटिक पेशी (जंतूंचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या प्रतिकारपेशी) केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारी छोटी प्रथिनं, सोडतात आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) तिकडे ओढल्या जातात, हे वर्गात एका वाक्यात उरकतं. प्रोजेक्टसाठी तेच दाखवायचं ठरलं की प्रयोग कोणता लावायचा इथेच गाडी अडते.

हाताशी सहाच महिने असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ट्रान्सवेल, म्हणजे छिद्रांच्या पडद्यातून किती पेशी खाली उतरतात ते मोजणं. मूळ कल्पना स्टीफन बॉयडन यांची, 1962 सालची. 24 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये खाली 600 मायक्रोलिटर मीडियममध्ये केमोकाइन, वर इन्सर्टमध्ये (वेलमध्ये बसणाऱ्या छोट्या कपात) 100 मायक्रोलिटर टी पेशी आणि मध्ये 5 मायक्रॉन छिद्रांचा पडदा. टी पेशीचा व्यास साधारण 7 मायक्रॉन, म्हणजे तिला अंग आक्रसूनच पलीकडे जावं लागतं. दोन-तीन तासांनी खालच्या पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायच्या. इन्सर्ट तिरका धरून हळूच टेकवा. पडद्याखाली बुडबुडा राहिला तर तेवढ्या भागातून पेशी उतरत नाहीत, आणि आकडा का घसरला हे नंतर शोधूनही सापडत नाही.

पेशी कोणत्या घेताय तेही बघा. नाइव्ह (अजून सक्रिय न झालेल्या) टी पेशींवर सीसीआर7 हा केमोकाइन ओळखणारा रिसेप्टर असतो, त्यांना सीसीएल19 किंवा सीसीएल21 ही केमोकाइनं द्या. सीएक्ससीएल10 हे केमोकाइन ओळखणारा सीएक्ससीआर3 रिसेप्टर प्रामुख्याने सक्रिय झालेल्या पेशींवर येतो. ही जोडी चुकली की चांगला प्रयोगही वाया जातो.

ट्रान्सवेल किती पेशी उतरल्या ते सांगतं, त्या का उतरल्या ते सांगत नाही. केमोकाइनमुळे पेशींची नुसती वळवळ वाढली तरी खालचा आकडा फुगतो. म्हणून एका वेलमध्ये वर आणि खाली सारखंच केमोकाइन घाला. तिथेही तेवढ्याच पेशी उतरल्या, तर ओढ सिद्ध झाली असं लिहिता येणार नाही. डोसही चार-पाच तरी ठेवा, कारण केमोकाइन फार झालं की स्थलांतर उलट कमी होतं.

दिशा डोळ्यांनी बघायची तर कोलॅजेन जेलमध्ये टी पेशी ठेवून, एका बाजूने केमोकाइन देऊन लाइव्ह इमेजिंग करावं लागतं. प्रत्येक पेशीचा माग काढण्यात आठवडे जातात. पण प्रश्न सीसीएल21 चा असेल तर हा खटाटोप करण्यासारखा आहे. या रेणूला धन प्रभाराचं लांब शेपूट असतं. त्यामुळे तो लिम्फ नोडमध्ये (लसीका गाठीत) हेपरान सल्फेट या ऋण प्रभाराच्या साखर-साखळीला चिकटून राहतो, आणि डेंड्रिटिक पेशी ते शेपूट कापून त्याला मोकळाही करू शकतात. सीसीएल19 ला तसं शेपूट नाही. ट्रान्सवेलमध्ये दोन्ही विरघळवूनच घालतात, तिथे हा सगळा फरक पुसला जातो.

जिवंत प्राण्यातलं टू-फोटॉन इमेजिंग (लेझरने ऊतीत खोलवरच्या पेशी बघण्याची पद्धत) एमएस्सीच्या विद्यार्थ्याने एकट्याने अंगावर घेऊ नये. प्राण्यांसाठीच्या समितीची परवानगी मिळवण्यातच बराच काळ जातो. तरी टू-फोटॉनमधून काय दिसलं ते जरूर वाचा. 2002 मध्ये उंदराच्या काढून घेतलेल्या लिम्फ नोडमधल्या टी पेशी मिनिटाला दहा-बारा मायक्रॉन वेगाने, कुठलीही ठरावीक दिशा न धरता भटकताना दिसल्या. मग 2006 मध्ये रोनाल्ड जर्मेन यांच्या गटाने दाखवलं की डेंड्रिटिक पेशी आणि सीडी4 (मदतनीस) टी पेशी जिथे भेटतात, तिथून सीसीएल3 आणि सीसीएल4 ही केमोकाइनं सुटतात आणि सीसीआर5 रिसेप्टर असलेल्या नाइव्ह सीडी8 (मारक) टी पेशी तिकडे खेचल्या जातात. दोन पेशींची भेट तिसरीला बोलावते! पडद्याखालच्या पेशी मोजून हे कधीच कळलं नसतं.

कोणताही मार्ग धरा, पर्टुसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष) दिलेल्या पेशींचा एक गट ठेवाच. केमोकाइन रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणारं जी प्रथिन ते बंद पाडतं. त्या गटातही पेशी तेवढ्याच सरकल्या, तर आधी प्लेट तपासा.