विद्यापीठाच्या वेधशाळेत नऊ महिने: दुर्बीण चांगली, घड्याळ मागे

नऊ महिन्यांपूर्वी एका विद्यापीठाच्या वेधशाळेत बाहेरची निरीक्षक म्हणून अर्ज केला आणि आठवड्याला एक रात्र पदरात पडली. ढगांनी खाल्लेल्या रात्री वजा जाता हातात उरल्या २१. वेधशाळेचं नाव मुद्दाम देत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि तिथली माणसं चांगली आहेत.

मुख्य दुर्बीण १४ इंची श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि भिंग दोन्ही असलेली), नाभीय अंतर ३.९ मीटर, म्हणजे व्यासाच्या ११ पट (एफ/११). बसवली आहे जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीवर. काच उत्तम आहे, संरेखन वेळच्या वेळी केलेलं असतं, त्याबद्दल शब्द नाही. त्रास फोकसचा. या जातीच्या दुर्बिणीत फोकस करायला मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो. तारा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून गेला की माउंट उलटून दुसऱ्या बाजूला घ्यावा लागतो, तेव्हा आरसा किंचित कलतो आणि फोकस हलतो. शिवाय रात्र थंड होत जाते तशी नळी आक्रसते. मी दर तासाला फोकस तपासायची सवय लावून घेतली. घुमट मात्र काम सुरू करायच्या तासभर आधी उघडाच. आतली ऊब बाहेर पडेपर्यंत तारे उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसतात, आणि दोष बिचाऱ्या दुर्बिणीला जातो.

कॅमेरा जुना सीसीडी आहे, १५३० गुणिले १०२० पिक्सेलचा, एकेक पिक्सेल ९ मायक्रॉन. या दुर्बिणीवर त्याच्या चित्रात जेमतेम १२ गुणिले ८ कलामिनिटं आकाश मावतं (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास ३० कलामिनिटांच्या आसपास असतो, म्हणजे अख्खा चंद्र विसराच. फोकल रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) लावला की जरा मोकळं वाटतं. थंड करणारी यंत्रणा हवेपेक्षा ३० ते ३५ अंश खाली नेते, त्यामुळे उबदार रात्री उणे २० चा हट्ट धरू नये. उणे १० वर स्थिर ठेवा आणि त्याच तापमानाच्या डार्क (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला अंधारात घेतलेली चित्रं) घ्या. खरी डोकेदुखी वेगळीच आहे. गाइडिंगची, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण नेमकी रोखून धरणारी छोटी चिप याच कॅमेऱ्यात, तीही फिल्टरच्या मागे! निळा फिल्टर लावला की गाइडचा तारा मंदावून हातचा जातो. ज्याने हे डिझाइन केलं त्याने स्वतः निळ्यात एक रात्र काढलेली नसावी.

फ्लॅट, म्हणजे डाग-सावल्या दुरुस्त करायला लागणारी एकसारख्या उजळ आकाशाची चित्रं, संधिप्रकाशात घ्यायच्या. आकाश जास्त उजळ नाही आणि तारे अजून दिसत नाहीत अशी मोजकी मिनिटं मिळतात, त्यात चार फिल्टर उरकायचे. पहिल्या तीन खेपांना माझा एक फिल्टर राहिलाच.

आता मुख्य गोष्ट.

मला बाह्यग्रहांची (दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची) अधिक्रमणं, म्हणजे ग्रहाचं आपल्या ताऱ्यासमोरून जाणं, नोंदवायची होती. सुरुवातीला घेतला एचडी १८९७३३ हा तारा, जंबुक तारकासमूहातला, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारचा. त्याचा ग्रह २.२१८६ दिवसांत एक फेरी मारतो आणि ताऱ्यासमोरून जाताना साधारण पावणेदोन तास सुमारे २.४ टक्के प्रकाश अडवतो. नवख्या माणसाला याहून सोपं लक्ष्य नाही. १९९९ साली एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या ग्रहाचं अधिक्रमण पहिल्यांदा पकडलं गेलं तेव्हा जेमतेम १० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीणही त्या कामाला पुरली होती. १४ इंचीला काय अवघड? उलट अडचण जास्त प्रकाशाची होती. पावणेआठ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) तारा काही सेकंदांत पिक्सेल भरून टाकतो, म्हणून तो मुद्दाम फोकसबाहेर काढला. टिंबाचं पोकळ कडं झालं, पण प्रकाश पसरला आणि मोजणी सुधारली.

प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख, देखणा आला. मधोमध नीट खळगा. फक्त अधिक्रमणाचा मध्य अपेक्षेपेक्षा चार मिनिटं आधी. सूर्यमध्याशी जुळवायची दुरुस्ती विसरले असेन म्हणून तपासलं. पृथ्वी सूर्याच्या ताऱ्याकडच्या बाजूला आहे की पलीकडे, यावरून प्रकाश पोहोचायच्या वेळेतला हा फरक आठ मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. दुरुस्ती केलेली होती. नऊ फेऱ्यांनी, म्हणजे २० दिवसांनी, तोच ग्रह पुन्हा सोयीच्या वेळी आला. या खेपेला चार मिनिटं ४० सेकंद आधी. खरं सांगायचं तर दोन दिवस मी हवेत होते. अधिक्रमणं अशी सरकत जाताहेत म्हणजे तिथे दुसरा ग्रह ओढतोय, आणि तो मला सापडलाय!

तिसऱ्या रात्री तिथल्या तंत्रज्ञ काकांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून मोबाइल काढून संगणकाच्या पडद्याशेजारी धरला. संगणक पावणेपाच मिनिटं मागे होता.

सुरक्षेच्या नावाखाली वेधशाळेचा संगणक नेटला जोडलेला नाही, त्यामुळे घड्याळ आपोआप जुळत नाही. जुळवलं होतं ते संगणक नवा बसवला तेव्हा. त्यानंतर ते रोज दोन सेकंद मागे पडत गेलं आणि माझी चित्रं तीच वेळ लावून घेत राहिली. नवा ग्रह गेला तो गेलाच.

मला जास्त लागलं ते पुढचं. दुर्बीण रात्रीचा पहिला तारा कधीच मधोमध आणत नसे. नेहमी अंशभर पूर्वेला जायची. पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं की माउंट म्हातारा झालाय, तारा हाताने मधोमध आणायचा, सिंक करायचं (दुर्बिणीला ‘तू आत्ता या ताऱ्यावर आहेस’ असं सांगायचं), मग रात्रभर ती बरोबर जाते. मीही निमूट तसंच करत आले. पण माउंट वेळ त्याच संगणकाकडून घेतो. आकाश २४ तासांत ३६० अंश फिरतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. घड्याळ चार मिनिटं मागे असेल तर दुर्बीण विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याच्या अंशभर पूर्वेलाच जाणार, दुसरं काय करेल ती? दर रात्री ती आम्हाला सांगत होती आणि आम्ही दर रात्री सिंकचं बटण दाबून तिचं तोंड बंद करत होतो.

आता जीपीएसचा छोटा रिसीव्हर जोडला आहे. अर्ज, सही, पुन्हा अर्ज असं करत दोन महिने लागले. तोवर काका रोज संध्याकाळी घड्याळ हाताने लावायचे आणि फरक वहीत लिहायचे. माउंट अचानक तरुण झालाय.

स्पेक्ट्रोग्राफबद्दल, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून वर्णपट टिपणाऱ्या उपकरणाबद्दल, थोडक्यात. कमी विभेदनाचा आहे, शिकायला छान. गॅमा शर्मिष्ठा या ताऱ्याच्या वर्णपटात ६५६.३ नॅनोमीटरला हायड्रोजनची रेषा काळी न दिसता उजळ उभी राहते. १८६६ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी हे पाहिलं, तो या जातीचा पहिला ओळखला गेलेला तारा. तुलनेला अभिजित तारा घेतला तर तीच रेषा खोल काळी. हा फरक आपल्या पडद्यावर उमटताना पाहणं हा नऊ महिन्यांतला सगळ्यात निर्भेळ आनंद. पण प्रकाश आत घेणारी २५ मायक्रॉनची फट ३.९ मीटर नाभीय अंतरावर जेमतेम १.३ कलासेकंदांची (कलासेकंद म्हणजे कलामिनिटाचा साठावा भाग) होते, आणि तिथे तारे बहुतेक रात्री तीन कलासेकंद पसरलेले. निम्म्याहून जास्त प्रकाश फटीबाहेर वाया जातो. मंद ताऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तरंगलांबी मोजायला लागणारा निऑन दिव्याचा वर्णपट निरीक्षणाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. दुर्बीण कलली की वाकण्यामुळे रेषा सरकतात.

नोंदवहीबद्दल मात्र दोन शब्द जास्त. कागदी, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक रात्री कोणीतरी पेनाने भरलेली. सुरुवातीला मला ती जुनाट खोड वाटायची. घड्याळाचा घोळ कळल्यावर प्रश्न आला की आधीच्या महिन्यांत इतरांनी घेतलेल्या निरीक्षणांचं काय? फायलींमधल्या वेळा चुकीच्या आणि किती चुकीच्या त्याची नोंद नाही. मग काकांनी वही उघडली. प्रत्येक रात्रीच्या पहिल्या ओळीत कोणी ना कोणी लिहिलं होतं: ‘थोडी पूर्वेला, सिंक केलं.’ पुढे ‘अर्धा अंश पूर्वेला’. आणखी पुढे ‘पाऊण’. मग ‘अंशभर’. अंशाला चार मिनिटं या हिशोबाने आम्ही ते आकडे तारखांसमोर मांडले, आणि ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले. रेषा मागे नेली तर संगणक बसवल्याच्या आठवड्यात शून्यावर टेकते. अचूकता अर्ध्या मिनिटाच्या आसपास, अधिक्रमणाला अपुरी, पण तासन्‌तास चालणाऱ्या चलताऱ्यांच्या (प्रकाश कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांना चालून जाते. काका आता जुन्या फायलींच्या यादीसमोर एकेक दुरुस्ती लिहिताहेत. पुढच्या सत्रासाठी मी पुन्हा अर्ज केलाय, आणि निळ्या फिल्टरसाठी वेगळी गाइड दुर्बीण मागितली आहे.