पहिली गोष्ट: वहीत लिहावी की मोबाईलवर?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं विचारलं, "मामा, गोष्ट लिहायचीय. वहीत लिहू की मोबाईलवरच?" ती नववीत आहे. मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या चार गोष्टी फोनवर लिहिल्या, नंतरच्या सगळ्या वहीत. म्हणजे माझं मत एका बाजूला झुकलेलंच आहे, ते धरूनच पुढचं वाचा.

फोनची बाजू लंगडी अजिबात नाही. आमच्या सोलापुरात होटगी रोडला बसची वाट बघताना चार ओळी होऊन जातात. मधला परिच्छेद उचलून वर टाकता येतो. मासिकाला टाइप केलेला मजकूर पाठवायचा असेल तर तो तयारच असतो. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे अगदी १९७१ पासूनचे जुने अंक त्याच पडद्यावर फुकट वाचायला मिळतात. आणि मुख्य म्हणजे फोनला लॉक असतं. दोन खोल्यांच्या घरात वही लपवणार कुठं? माझ्या बहिणीची वही आईच्या हाती लागली होती, पुढं दोन वर्षं तिनं पेन उचललं नाही. बहीण म्हणजे याच भाचीची आई.

इतकं असूनही माझं फोनशी बिनसलं, ते एका वाक्यावरून.

गोष्ट होती सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यातली. दोन पोरं. एकाच्या घरी तेलुगू, दुसरा अक्कलकोटकडचा, घरी कन्नड. एकमेकांशी बोलणार ते अर्थातच आपल्या सोलापुरी मराठीत. मी लिहिलं, "काय करलालास बे?" म्हणजे काय करतोयस. कीबोर्डनं त्याचं गुपचूप "काय करायला बे" करून टाकलं. खाली "येलालो की, थांब", म्हणजे येतोय की, असं होतं, त्याचं "येणार की, थांब" झालं. लिहिण्याच्या भरात माझं लक्षच नव्हतं. मित्राला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो तेव्हा तो मधेच म्हणाला, "ही दोघं पुण्याहून बदलून आलीत का बे?"

आपोआप दुरुस्ती बंद करता येते, हे मान्य. मीही केली. पण कीबोर्डच्या वर ते तीन सुचवलेले शब्द उभे राहतातच. आपण 'वैतागला' लिहायला निघालेलो असतो, तिथं 'वाईट' तयार दिसतो आणि अंगठा तिकडं जातो. बोलून टाइप करायचा उपायही केला. त्याला माझं 'करलालास' कळलंच नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांना याचा त्रास होत नसेल. नव्यानं लिहिणाऱ्याला मात्र आपली पात्रं बोलतात कशी हेच अजून सापडायचं असतं. तेवढ्यात कुणी मधे बोललं की ते हातचं जातं.

वही मधे बोलत नाही. खोडलेला शब्दही रेघेखाली दिसत राहतो. मी कितीदा तरी तिसऱ्या दिवशी खोडलेलाच परत घेतलाय. वहीचा त्रास एकच, नंतर सगळं टाइप करावं लागतं. पण तेव्हा प्रत्येक वाक्य हाताखालून दुसऱ्यांदा जातं आणि लांबलेली वाक्यं आपोआप गळतात. मला तरी तो त्रास परवडला.

भाचीला म्हटलं, संवादांची गोष्ट असेल तर वहीत लिही, पूर्ण झाली की मगच फोनवर घे. आईची भीती वाटत असेल तर शाळेच्या वहीतच मागच्या पानापासून उलटं लिही. आणि वही साधी घे, नवी पेठेत मिळते तसली दोनशे पानी. भारी डायरीत खाडाखोड करायला हात धजत नाही. माझ्याकडं जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची एक आहे, लग्नात आलेली. तिच्यात आजवर फक्त दुधाचा हिशेब लिहिलाय.