रिगली फील्डवरील सलामीचा सामना

१९१४ साली उभ्या राहिलेल्या शिकागोच्या रिगली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर हंगामाचा सलामीचा सामना पाहायचा असेल, तर तिकिटाआधी जाड कोटाची सोय करावी, कारण मार्च-एप्रिलच्या त्या दिवसांत मिशिगन सरोवरावरून येणारा वारा हाडे गोठवतो आणि विटांच्या भिंतीवरची प्रसिद्ध वेलही निष्पर्णच असते. जुने खांब काही आसनांच्या आड येतात, म्हणून जागा पाहूनच निवडावी. हाताने आकडे बदलावे लागणारा १९३७ चा धावफलक मात्र एकटाच तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. यजमान कब्स संघ जिंकला आणि त्या फलकावर ‘डब्ल्यू’ या विजयसूचक अक्षराचा पांढरा झेंडा चढला की, अजून १६१ सामने बाकी आहेत हे पुरते ठाऊक असूनही, १०८ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०१६ मध्ये विजेतेपद अनुभवलेला चाहता ऑक्टोबरमधल्या विजेतेपदाच्या लढतींची स्वप्ने रंगवू लागतो. माझेही (वय विसरून) तेच झाले.