‘रूट्स’ ऐकलं: चार तारे, आणि पाचवा का नाही

अ‍ॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’चं ऑडिओबुक घेतलं ते स्वयंपाक करता करता ऐकता यावं म्हणून. वाचन एव्हरी ब्रुक्स यांचं, लांबी सुमारे ३० तास. पाचपैकी चार तारे देते.

मी सासरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम बघते. म्हणजे नव्या आवृत्तीसाठी आलेले फॉर्म तपासायचे, आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रीतीमुळे एकाच शाखेत जमलेले सगळे विष्णू वेगळे करायचे, आणि ‘आमची शाखा मागे का छापली’ म्हणून येणारे फोन घ्यायचे. त्यामुळे हे पुस्तक मी जरा तिरक्या कानाने ऐकलं. गोष्ट म्हणूनही आणि वंशावळ म्हणूनही.

गोष्ट थोडक्यात अशी. १७५० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, जुफुरे गावात ओमोरो आणि बिंटा किंटे यांना मुलगा होतो, कुंटा. ढोलासाठी लाकूड तोडायला गेलेला असताना तो पकडला जातो, ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाजातून अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला उतरवला जातो आणि व्हर्जिनियातल्या वॉलर कुटुंबाला गुलाम म्हणून विकला जातो. तिथून पिढ्या पुढे सरकतात, आणि सातव्या पिढीत खुद्द लेखक उभा असतो.

एकूण प्रकरणं १२०. पहिली तीसेक गांबियातच घडतात आणि तिथे काहींचा धीर सुटेल. माझा सुटला नाही. शेळ्या राखणं, मुलग्यांना जाणतं करण्याचं शिक्षण, प्रत्येक अमावास्येनंतर भोपळ्यात एकेक खडा टाकून वय मोजणं, हे सगळं हेली सावकाश सांगतात, म्हणून पुढे काय काय हिरावलं गेलं ते कळतं. जहाजाच्या तळातली प्रकरणं मात्र जेवताना ऐकू नका.

छापील पुस्तकापेक्षा ऑडिओ बरं, याचं एक साधं कारण आहे. मळ्यावरच्या माणसांची बोली हेलींनी उच्चाराप्रमाणे लिहिली आहे. आपल्यासारख्यांना ती डोळ्यांनी वाचताना ओळ-ओळ अडायला होतं. ब्रुक्स ती बोलतात तेव्हा सरळ समजते. आवाज खर्जातला, घाई अजिबात नाही. तोटा एवढाच, की वंशवृक्ष डोळ्यांसमोर नसतो. कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि नावं मांडत जा.

सगळ्यात जास्त अंगावर आली ती किझीची विक्री. किझी म्हणजे कुंटा आणि बेल यांची एकुलती एक मुलगी. तिला लिहिता-वाचता येतं, आणि तोच गुन्हा ठरतो. पळून जाणाऱ्या नोआला ती प्रवासाचा खोटा परवाना लिहून देते, तो पकडला जातो आणि मालक तिला विकून टाकतो. बेल गयावया करते, कुंटा धावून जातो आणि मार खातो. मग झोपडीत जाऊन तो आपला खड्यांचा भोपळा फोडतो. पुढच्या प्रकरणात आपण किझीबरोबर नॉर्थ कॅरोलिनात असतो आणि कुंटा-बेलचं पुढे काय झालं ते पुस्तक सांगत नाही. ऐकताना मी मागे जाऊन काही सुटलं का ते तपासलं. सुटलेलं नव्हतं. किझीला आईबापांची खबर मिळाली नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही मिळत नाही. लेखकाने केलेल्या निवडींतली ही मला सर्वांत धाडसी वाटली.

आता माझ्या कामाचा मुद्दा. पेन्सिलीने साखळी मांडली तेव्हा कागदावर आलं ते असं: कुंटा, त्याची मुलगी किझी, तिचा मुलगा जॉर्ज, त्याचा मुलगा टॉम, टॉमची मुलगी सिंथिया, तिची मुलगी बर्था, बर्थाचा मुलगा अ‍ॅलेक्स. सातांत तीन बायका. आमच्या पद्धतीचा कुलवृत्तांत असता तर किझीच्या नावापाशी, जावयाचं नाव आणि गाव लिहून, ही शाखा संपली असती. माझ्या माहेरच्या ग्रंथात मी तशीच संपले आहे. हेलींचं घराणं मात्र टिकलं ते बायकांच्या तोंडी. टेनेसीतल्या हेनिंग गावी आजी सिंथिया आणि तिच्या बहिणी उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ओसरीवर झुलत्या खुर्च्यांत, तोंडात तपकीर धरून, ‘त्या आफ्रिकन’ची गोष्ट घोळवत बसायच्या: गिटारला तो ‘को’ म्हणायचा, नदीला ‘कांबी बोलोंगो’. शेवटच्या तीन प्रकरणांत हे येतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात १८७०च्या जनगणनेच्या फिल्मवर टॉम मरे, लोहार, हे नाव सापडतं तेव्हा मी गॅस बंद करून बसले. दप्तर चाळणाऱ्याला हे सुख माहीत असतं.

पण राखून ठेवलेला ताराही याच शेवटच्या भागासाठी आहे. तिथे हेली सांगतात की आजीची गोष्ट कागदपत्रांशी आणि जुफुरेतल्या कथेकऱ्याच्या तोंडच्या वंशावळीशी तंतोतंत जुळली. जुळली नव्हती. गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या वंशावळ-अभ्यासक दांपत्याने १९८१ मध्ये दाखवून दिलं की वॉलरांकडचा टोबी, म्हणजे हेलींच्या मते कुंटाच, १७६२च्या कागदांतही आहे. जहाज लागलं १७६७ मध्ये. शिवाय तो टोबी १७८२ आधीच वारलेला दिसतो, आणि पुस्तकातली किझी जन्मते १७९० मध्ये. नावावर माणूस ठरवला की असं होतं. आमच्या विष्णूंचं दुखणंही हेच. जुफुरेतल्या कथेकऱ्याबद्दलही संशोधकांनी शंका घेतल्या. त्याहून वाईट म्हणजे हॅरल्ड कूरलँडर यांच्या कादंबरीतले उतारे पुस्तकात आल्याचा दावा. १९७८ मध्ये हेलींनी तो ६,५०,००० डॉलर देऊन मिटवला.

तरी चार तारे कशाला? कारण कादंबरी म्हणून हे पुस्तक पुरून उरतं. आणि ते लिहिणारा माणूस तटरक्षक दलात १९३९ साली खानावळीतला पोऱ्या म्हणून लागला होता. कृष्णवर्णीयांना तिथे दुसरी कामं फारशी मिळतच नसत. बोटीवरच्या सोबत्यांची प्रेमपत्रं लिहून देता देता तो लेखक झाला आणि १९५९ मध्ये तिथल्याच मुख्य पत्रकाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. पुढे कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र त्यांच्याशी बोलून बोलून लिहिलं, ते १९६५ मध्ये आलं. ‘रूट्स’ १९७६चं. लगेच जानेवारी १९७७ मध्ये त्यावरची मालिका सलग आठ रात्री अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवली गेली, त्याच वर्षी पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, आणि लोक पुराभिलेखागारात आपापल्या पणज्या शोधायला जाऊ लागले. मिल्स दांपत्याची तपासणी जितकी खरी, तितकंच हेही खरं. हेली १९९२ मध्ये गेले. हेनिंगला आजोळच्या त्याच घरापुढच्या अंगणात त्यांना पुरलं आहे, आणि घराचं संग्रहालय त्यांच्या हयातीतच झालं होतं.

घ्यावं कुणी? ज्यांना इंग्रजी ऐकायची सवय आहे आणि जे मध्ये सोडून देत नाहीत त्यांनी. लहान मुलं घरात असतील तर इअरफोन लावा. ३० तास जमणार नसतील त्यांनी किझीच्या विक्रीपर्यंत तरी जावं.

आमच्या नव्या फॉर्मवर मुलींच्या मुलांसाठी रकाना असावा, असं मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. पानं वाढतील नि छपाईचा खर्चही, असं खजिनदारांनी आत्ताच कळवलंय.